सोंगाचा परवाना

पुण्याहून नाशिककडे जाणारा हमरस्ता भोसरी आणि मोशी मागे टाकून चाकणला पोहोचेपर्यंत बहुतांशी कारखान्यांच्या भिंतींमधून जातो. मोटारींचे सुटे भाग वाहणाऱ्या मालमोटारी, पाळी बदलतानाची कामगारांची गर्दी आणि धूळ, एवढेच त्या रस्त्याचे रूप प्रवाशाच्या ध्यानात राहते. परंतु हाच रस्ता आणखी उत्तरेस गेला म्हणजे नारायणगावास लागतो, आणि तेथे दर वर्षी जत्रांच्या हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. चाकण-खेडच्या बाजूची गावे तेथे जाऊन आपापल्या जत्रेची सुपारी देऊन येतात. शेतजमिनी कारखान्यांत गेल्या, तरी जत्रा गेली नाही. आणि जत्रा आहे तोवर फडही आहे.

अशाच एका जत्रेत काही वर्षांपूर्वी आम्ही बसलो होतो. गण झाला, गवळण उभी राहिली, आणि मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींच्या पुढे मावशी आली. मावशी म्हणजे अर्थातच पुरुष. अंगावर लुगडे, एक हात कमरेवर, चालण्यात ठसका. पेंद्याशी आणि कृष्णाशी तिचे जे बोलणे झाले त्यातील निम्मी वाक्ये आम्हांस या पानावर छापता येणार नाहीत. मागे कामावरून थेट आलेले तरुण बसले होते, पुढे गावातील वडीलधारी मंडळी. हशा सर्वांचा सारखाच होता. तो प्रकार कोणासही अश्लील वाटला नाही. आम्हांसही वाटला नाही, हे प्रांजळपणे सांगून टाकलेले बरे.

परत येताना मात्र एका प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. त्याच लुगड्यातील त्याच माणसाने जर हसविण्याचे सोडून दिले असते, आणि दोन क्षण थांबून, हे लुगडे माझे सोंग नव्हे, हाच मी आहे, आणि मलाही कोणाची तरी ओढ आहे, असे सांगितले असते, तर मंडपातील माणसे तशीच बसून राहिली असती काय? आणि मंडपाचे राहो. कायद्याने ते चालू दिले असते काय?

या दुसऱ्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. अश्लीलतेचा कायदा म्हणजे एक मोजपट्टी होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. किती उघडे चालेल आणि किती चालणार नाही, हे तो मोजतो, असे आपण धरून चालतो. स्त्रीपुरुषांच्या शृंगारापुरती ही समजूत काही अंशी खरी असेलही. परंतु ज्यांस आज आपण तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणतो त्यांच्या चित्रणाचा इतिहास पाहू गेल्यास निराळेच चित्र दिसते. तेथे कायद्याने उघडेपणा मोजला नाही. त्याने परवाने वाटले. शास्त्राचा एक परवाना, हास्याचा एक, देवाधर्माचा एक आणि करुणेचा एक. यांपैकी एखादा ज्याच्या हाती होता त्यास पुष्कळच दाखविता आले. ज्याच्या हाती यांपैकी काहीच नव्हते, त्यास शरीर उघडे न करताही दारातून परत फिरावे लागले.

प्रथम कायद्याचेच पाहू. भारतीय दंडविधान १८६० सालचे. त्यातील २९२ वे कलम अश्लील पुस्तके आणि चित्रे यांविषयीचे. मौज अशी की 'अश्लील' म्हणजे काय, हे मूळ कलमात सांगितलेच नव्हते. ती उणीव इंग्लंडातील हिक्लिन खटल्याच्या १८६८ मधील निर्णयाने भरून काढली: ज्यांची मने अशा वाईट परिणामास वश होण्याजोगी आहेत अशांच्या हाती लिखाण पडल्यास ते बिघडतील काय, एवढेच पाहावयाचे. म्हणजे सर्वांत दुबळ्या मनाचा वाचक हाच न्यायाधीशाच्या पुढचा आदर्श वाचक ठरला. स्वतंत्र भारतातही हे माप टिकले. मुंबईच्या रणजित उदेशी या पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने लॉरेन्सच्या कादंबरीच्या विक्रीबद्दलची शिक्षा कायम केली, ती काही फेरफारांनिशी याच मापाने. पुढे १९६९ मध्ये कलमात दुरुस्ती होऊन अपवाद स्पष्ट लिहिले गेले. शास्त्र, वाङ्मय, कला अथवा विद्या यांच्या हितासाठी जे असेल ते सार्वजनिक हिताचे म्हणून क्षम्य. धर्माच्या प्रयोजनासाठी जे असेल तेही क्षम्य.

हे अपवाद उदार बुद्धीने घातलेले आहेत, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु अपवादाचा एक गुण असा असतो की ज्यास सुटावयाचे आहे तो अपवादाच्या आकाराचा होऊन बसतो. दार जेवढे रुंद, तेवढाच बोजा बांधून माणूस प्रवासास निघतो. अश्लीलतेच्या कायद्याचा कलेवरील खरा परिणाम त्याने जप्त केलेल्या पुस्तकांत आणि कापलेल्या फितींत नव्हे, तर या दाराच्या आकारात शोधावयास हवा.

शास्त्राच्या दाराचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते, आणि तृतीयपंथीयांविषयीच्या जुन्या प्रौढ चित्रपटांचा विषय मूळचा तिकडचाच असल्यामुळे तेथपर्यंत जाऊन येणे प्राप्त आहे. हॉलिवुडच्या चित्रसंस्थांनी १९३० मध्ये स्वतःस एक आचारसंहिता लावून घेतली आणि १९३४ पासून ती कडकपणे पाळली. तीत लैंगिक 'विकृती'चा नुसता सूचक उल्लेखही वर्ज्य होता. तेव्हा या विषयास हात घालणारा चित्रपट संहितेबाहेरच्या, फुटकळ आणि स्वस्त निर्मात्यांकडूनच निघणार हे ठरलेले होते. डिसेंबर १९५२ मध्ये क्रिस्टीन जॉर्गेनसन हिच्या लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेची बातमी जगभर झाली, आणि पुढल्याच वर्षी एड वुड याचा 'ग्लेन ऑर ग्लेंडा' पडद्यावर आला. स्त्रीवेषाची ओढ असलेल्या पुरुषाची ही कथा. वुड यास स्वतःसही ती ओढ होती आणि ती भूमिका त्याने स्वतःच केली. परंतु कथा सांगतो कोण? एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि सांगतो कोणास? एका पोलिस अधिकाऱ्यास! चित्रपट ओबडधोबड आहे, हे सर्वमान्य आहे. पण त्याची ही बांधणी पाहून आम्हांस हसू येत नाही. ज्याची गोष्ट आहे त्यास ती सांगण्याचा अधिकार नाही. एका बाजूस वैद्य आणि दुसऱ्या बाजूस पोलिस उभा असेल तरच ती सांगता येते. त्या काळच्या कायद्याची याहून नेमकी आकृती एखाद्या विधिज्ञासही काढता आली नसती.

पुढे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या रॉथ खटल्यात आणि १९६६ च्या एका निर्णयात अश्लीलतेची व्याख्या बरीच आवळली. ज्या कृतीत सामाजिक मूल्याचा अंशही नाही तीच अश्लील ठरावी, असा या दुसऱ्या निर्णयाचा मथितार्थ होता. झाले! मूल्याचा अंश पुरविण्याचा धंदाच निघाला. त्या दशकाच्या अखेरीस पांढरा अंगरखा घातलेल्या डॉक्टराने मेजामागे बसून प्रवचन करावयाचे, आणि प्रवचनाच्या मधूनमधून प्रेक्षक जे पाहावयास आले ते दाखवावयाचे, असे चित्रपट एकामागून एक निघाले. त्या चित्रप्रकारास नाव पडले तेही या पांढऱ्या अंगरख्यावरूनच. डोरिस विशमन या दिग्दर्शिकेचा 'लेट मी डाय अ वुमन' हा १९७७ च्या सुमाराचा चित्रपट या जातीचा अखेरचा नमुना म्हणता येईल. त्यात लिओ वोलमन नावाचे खरोखरीचे डॉक्टर आहेत. लिंगबदल केलेल्या व्यक्ती स्वतःविषयी बोलतात. शस्त्रक्रियेची दृश्ये आहेत. आणि यांच्यामध्ये शृंगाराचे रचलेले प्रसंग खोचलेले आहेत.

हा चित्रपट अत्यंत उघडा आहे, असे त्याविषयी लिहिणारे म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण उघडे काय आहे? शस्त्राखालील देह उघडा आहे. मेजासमोर उभे करून ज्याच्याकडे डॉक्टर बोट दाखवितात तो देह उघडा आहे. त्या माणसांच्या मुलाखतींत मधूनच एखादे साधे, खरे वाक्य येऊन जाते, आणि तेच काय ते या चित्रपटात आज टिकलेले आहे. बाकी सर्व परवान्याची किंमत होय. जो कायदा एका चुंबनापुढे कपाळास आठ्या घालतो तोच शस्त्रक्रियेच्या चित्रापुढे मान डोलावतो. मग निर्मात्याने चुंबनाऐवजी शस्त्रक्रिया दाखविली तर नवल कसले? तात्पर्य, कायद्याने येथे उघडेपणा कमी केला नाही; त्याने त्याची जागा बदलली. जेथे माया असावयाची तेथे चाकू आणून ठेवला. १९७३ मध्ये मिलर खटल्याने माप पुन्हा बदलले आणि स्थानिक समाजाच्या रुचीस निर्णायक स्थान दिले, त्यामुळे एका गावी चालणारी फीत दुसऱ्या गावी गुन्हा ठरू लागली. परंतु पांढऱ्या अंगरख्याची लागलेली सवय त्याने ताबडतोब मोडली असे दिसत नाही.

हे दार आपल्याकडे किती रुंद होते, याची परीक्षा त्याही आधी मुंबईत झालेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले, आणि १९३४ साली त्यांच्यावर जो दुसरा खटला झाला तो वाचकांच्या खाजगी प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून. समलिंगी आकर्षणासारखे विषय त्यात होते. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले, आणि लैंगिक विषयावरील शास्त्रीय उत्तर अश्लील कसे, असा त्यांचा मूळ सवाल होता. खटला हरला, कर्व्यांस दंड झाला. कर्वे तर शास्त्राच्याच दाराने आले होते! मग ते अडले का? आमच्या मते याचे कारण असे की त्यांनी शास्त्र आणले, पण अंगरखा घातला नाही. धिक्काराचा किंवा कीव करण्याचा सूर न लावता, एखाद्यास पडशावर औषध सांगावे तितक्या साधेपणाने ते लिहीत. शास्त्राचा परवाना 'हा रोग आहे' असे प्रथम कबूल करणारास मिळतो. ज्यांस ते कबूल नव्हते, त्यांस शास्त्रज्ञ असूनही तो मिळाला नाही.

आता दुसरा परवाना, हास्याचा. हा आपल्याकडे सर्वांत जुना आणि सर्वांत उदार. मावशीचे उदाहरण वर आलेच आहे. तिला दुहेरी संरक्षण आहे. एका बाजूने हशा आणि दुसऱ्या बाजूने साक्षात श्रीकृष्ण. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, आणि पुढे ती उठविली ती वगाच्या संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. लावणीस, वगास, बतावणीस त्याची झळ लागली. 'लोकनाट्य' हे सोज्ज्वळ नाव त्याच सुमारास रूढ होऊ लागले. तथापि गवळणीतील मावशी मात्र या सर्व शुद्धीकरणातून लुगड्याचा पदरही न फाटता बाहेर आली. कारण उघड आहे. तिच्याकडून कोणास धोका नव्हता. तिच्या तोंडचे शब्द चावट असतील, पण ती स्वतः कोणीच नव्हती.

सुशिक्षित घरांतही हाच न्याय चालतो. 'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ चा चित्रपट ज्या घरात निदान दहा वेळा पाहिलेला नाही असे मराठी घर विरळा. पुण्यात बिऱ्हाड मिळावे म्हणून सुधीरची सुधा होते आणि परशुरामाची पार्वती. आजोबा आणि नातवंडे एकत्र बसून हसतात. आम्हीही हसतो. त्यातील विनोद निर्मळ आहे आणि त्याविरुद्ध आमची यत्किंचितही तक्रार नाही. फक्त एवढेच नमूद करावयाचे आहे की मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे लुगड्यातला पुरुष प्रथम येतो तो असा: अडचणीत सापडलेला, लबाडी करणारा, आणि शेवटी लुगडे सोडून मोकळा होणारा. बालगंधर्वांच्या वेषभूषेचे अनुकरण ज्या समाजातील कुलीन स्त्रियांनी केले त्या समाजास पुरुषाच्या अंगावरील शालू नवा नव्हता. पण तेथेही एक करार होता. नाटक संपले की रंग उतरतो, हे पाहणारास ठाऊक असावे लागे.

करुणेचा परवाना अलीकडचा, आणि तो आपल्या दोन उत्तम चित्रपटांनी वापरलेला आहे. राजीव पाटील यांचा 'जोगवा' २००९ मध्ये आला, रवी जाधव यांचा 'नटरंग' २०१० च्या आरंभी. पहिल्यास राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा आधार आहे, दुसरा आनंद यादव यांच्या कादंबरीवरून घेतलेला आहे. उपेंद्र लिमये यांनी 'जोगवा'तील तायाप्पा जसा उभा केला आहे आणि अतुल कुलकर्णी यांनी गुणा ज्या शरीरनिष्ठेने साकारला आहे, त्यास मराठी चित्रपटात तोड थोडी. म्हणूनच त्यांच्याविषयी जरा थांबून बोलणे अगत्याचे आहे.

गुणा हा अंगापिंडाने पैलवान, बायकोमुलांचा धनी. फडास नाच्या हवा, आणि दुसरा कोणी मिळत नाही, म्हणून कलेच्या वेडापायी तो नाच्या होतो. समाज त्याची कुचेष्टा करतो, घर दुरावते, त्याच्यावर अमानुष अत्याचारही होतो. प्रेक्षकाचे हृदय पिळवटते. पण ते कशासाठी पिळवटते? एका पुरुषास बाईसारखे व्हावे लागले म्हणून! तायाप्पाचे तेच. देवीच्या नावाने त्यास लुगडे नेसावे लागते. परंतु त्याचे मन पुरुषाचे आहे, आणि जोगतीण सुलीवर ते जडते, याची खात्री कथा आपणांस पदोपदी देत राहते. दोघांच्याही लुगड्याखाली 'खरा' पुरुष सुरक्षित आहे. या हमीवरच सबंध कुटुंबाने चित्रपटगृहात बसून डोळे पुसावेत असे हे चित्रपट झाले.

आता वस्तुस्थिती अशी की प्रत्यक्षात जोगत्यांत आणि नाच्यांत अशी माणसे कितीतरी आहेत आणि होती, की ज्यांना लुगडे कोणी नेसविले नाही. जी त्यात सुखी होती. रडावयाचेच असेल तर ज्यांना ते सोडावयास लावले त्यांच्यासाठी रडावे लागेल. त्यांची कथा या चित्रपटांत कडेकडेने वावरते, मध्यभागी येत नाही. पाटील किंवा जाधव यांनी परिनिरीक्षण मंडळास भिऊन असे केले, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यांनी त्यांस हवी ती कथा सांगितली आणि उत्तम सांगितली. म्हणणे एवढेच की पिढ्यान्‌पिढ्या एकच दार उघडे असले म्हणजे दुसरे दार भिंतीत आहे हेच कलावंतही विसरतो, आणि प्रेक्षकही.

दुसऱ्या दाराने जाऊ पाहणारांचे काय होते, याचे उदाहरण मुंबईतच घडले. श्रीधर रंगायन यांनी 'गुलाबी आईना' हा चाळीसेक मिनिटांचा हिंदी चित्रपट केला. त्यात बिब्बो आणि शब्बो या बायकी पेहरावात नटणाऱ्या दोन मैत्रिणी आहेत, एक पोरसवदा तरुण आहे, आणि एका देखण्या पुरुषाच्या प्राप्तीसाठी या सर्वांची चाललेली लाडिक, कुरापतखोर चढाओढ आहे; तिच्याखाली आजाराची एक छाया आहे. गाणी, टोमणे, शृंगाराचे मेज, सर्व काही आपल्या हिंदी चित्रपटांच्या ओळखीचे. २००३ मध्ये चित्रपट प्रमाणन मंडळाने तो असभ्य आणि आक्षेपार्ह ठरवून प्रमाणपत्र नाकारले. पुन्हा दाद मागूनही उपयोग झाला नाही. परदेशातील महोत्सवांत तो फिरला. येथे चित्रपटगृहाचे दार त्यास बंदच राहिले.

कलाकृती म्हणून 'गुलाबी आईना'त कच्चेपणा आहे. पैसा थोडा होता आणि तो दिसतो. अभिनय मधूनमधून नाटकी होतो. परंतु उघडेपणाच्या मोजपट्टीने पाहू गेल्यास त्या काळच्या कोणत्याही गाजलेल्या हिंदी गाण्यापेक्षा त्यात अधिक काही नाही. मग आक्षेप कशास? आमचे उत्तर असे: त्यात डॉक्टर नाही, देव नाही, आणि लुगड्याखाली 'खरा' पुरुषही नाही. हास्य आहे, पण ते मावशीवर हसणारे नव्हे. मावश्याच एकमेकींकडे पाहून हसत आहेत, आणि प्रेक्षकास त्यांनी बाहेरच उभे केले आहे. ज्याच्याकडे पाहून हसावयाचे तोच जर आपल्याकडे पाहून हसू लागला, तर त्या हसण्यास असभ्य म्हणणे हा जुना उपाय आहे.

येथे तुलनेसाठी एक गोष्ट आठवते. १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांनी तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आणले, आणि परिनिरीक्षण मंडळाने त्यात जी कापाकापी सुचविली तिच्याविरुद्ध सारंग उच्च न्यायालयात जाऊन जिंकले. वर्तमानपत्रांत, सभांत, घराघरांत त्यावर भांडणे झाली. त्याआधी चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वरील खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६९ मध्ये ते निर्दोष ठरले. स्त्रीपुरुषांच्या वासनेविषयी मोकळे लिहिण्याचा हक्क मराठीने असा भांडून मिळविला. 'गुलाबी आईना'विषयी मात्र एखाद्या मराठी वाङ्मयीन मासिकात लांबलचक वाद झडल्याचे आमच्या वाचनात नाही. ज्या कृतीसाठी कोणी भांडत नाही तिला बंदी वेगळी घालावी लागत नाही. आणि या आरोपातून आम्ही स्वतःस वगळीत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाही. तो असा की उघडेपणा म्हणजे काही सद्‌गुण नव्हे. परदेशातील जुन्या प्रौढ चित्रपटांचा हेतू बहुधा गल्ला भरण्याचा होता; अशा दुर्बळ, गरजू माणसांचे प्रदर्शन मांडणारांस कायद्याने लगाम घातला तर त्यात त्यांचे रक्षणच झाले. आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. 'लेट मी डाय अ वुमन' पाहताना सभ्य मनुष्यास जी शरम वाटते ती खरी आहे. परंतु उत्तरार्ध टिकत नाही. हिक्लिनचे माप घ्या किंवा त्यानंतरचे घ्या. अश्लीलतेचा कायदा सर्वकाळ विचारीत आला तो पाहणाराविषयी. पाहणाराचे मन बिघडेल काय? कॅमेऱ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाची संमती होती काय, त्यास मोबदला मिळाला काय, त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्याच्या कक्षेत कधी आलाच नाही. रक्षण करावयाचे असते तर रोग्याच्या देहाचे प्रदर्शन प्रथम थांबले असते, आणि परस्परांच्या ओढीने बोलणाऱ्या दोन माणसांस मोकळीक मिळाली असती. झाले ते नेमके उलट.

कायदा त्यानंतर बराच पुढे सरकला आहे, हेही सांगितलेच पाहिजे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनचे माप बाजूस ठेवून समकालीन समाजाचे माप स्वीकारले. त्याच वर्षी तृतीयपंथीयांस स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य झाला. २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधानच गेले. नव्या न्यायसंहितेत २९२ वे कलम २९४ वे होऊन बसले आहे. शिवाय घरबसल्या पाहावयाच्या मालिकांस प्रमाणन मंडळाच्या दारात उभे राहावे लागत नाही. तेव्हा आता तरी सोंग उतरले असेल, अशी अपेक्षा करावी काय?

'नटरंग'च्याच रवी जाधव यांनी २०२३ मध्ये पुण्यात वाढलेल्या गौरी सावंत यांच्या जीवनावर 'ताली' ही हिंदी मालिका केली. तिची सहानुभूती निःसंशय आहे. नायिका आता लुगड्यात सुखी आहे, हे 'नटरंग'पासून फार मोठे अंतर होय, आणि त्याचे श्रेय जाधवांस दिले पाहिजे. तथापि ती भूमिका सुष्मिता सेन यांच्याकडे गेली, आणि कथा झुकते ती न्यायालय, समाजकार्य आणि मातृत्व यांच्याकडे. नायिका वंदनीय होते. तिच्या अनुरागाकडे कथेचे लक्ष बेताचेच. करुणेच्या जागी गौरव आला, पण परवान्याची रीत सुटली नाही. कायद्याने सैल सोडलेली दोरी आपणच हाती धरून चालत राहण्याचा हा प्रकार आहे. परवाना मागणारा अधिकारी निघून गेला, तरी खिशात कागद आहे ना, हे आम्ही चाचपडून पाहतोच.

वाचक म्हणतील, पडद्यावरील या गोष्टींचा आमच्या घराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आमच्या गावातच आहे. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथी व्यक्तींस सुरक्षारक्षकांच्या कामावर घेतले. काल-परवापर्यंत जी माणसे आपणांस केवळ चौकातील दिव्यापाशी टाळ्या वाजवीत भेटत होती ती आता गणवेश घालून नागरिकांच्या समोर उभी राहिली. आपली मुले त्यांच्या शेजारून जातात. त्या गणवेशातील माणसाकडे पाहताना मुलाच्या मनात कोणते चित्र उभे राहते? आम्ही त्यास दिलेली चित्रे चारच आहेत: हसण्याचे, भिण्याचे, रोग्याचे, आणि फार तर कीव करण्याचे. ते माणूस संध्याकाळी घरी जाते, कोणाची तरी वाट पाहते, कोणावर तरी रुसते, हे चित्र आमच्या कलेने त्यास जवळजवळ दिलेलेच नाही. आणि ते न देण्यात कायद्याचा जेवढा हात आहे तेवढाच आता आमचाही आहे.

म्हणून समीक्षकांस आमची एक विनंती आहे. अशा विषयावरील नवी-जुनी कृती समोर आली म्हणजे ती किती धीट आहे, एवढे विचारून थांबू नये. ती काय उघडे करते आणि त्या मोबदल्यात काय झाकते, हेही विचारावे. डॉक्टर, देव, विदूषक किंवा संत यांपैकी कोण तिच्या पुढे चालत आहे, ते पाहावे. आणि एखादी कृती कोणासही बरोबर न घेता, एकटीच, आपल्या पायांनी दारात आली, तर तिच्यातील कच्चेपणा अवश्य दाखवावा, पण प्रथम तिला आत घ्यावे. पुढच्या चैत्रात आम्ही पुन्हा त्या रस्त्याने जत्रेस जाणार आहोत, आणि मावशी आली की पुन्हा हसणारही आहोत. फक्त या वेळी गवळण संपल्यावर तंबूच्या मागे जाऊन, लुगडे उतरविल्यावर तिचे नाव काय, की ती ते उतरवीतच नाही, हे तिलाच विचारावे असे मनात आहे.